हारालाम्पीच्या आत्म्यासाठी वीस लेव

तोन्का त्सेनोवाला रागावता येत नसे. काहींना पोहता येत नाही, काहींना शिट्टी वाजवता येत नाही, तसं तिला हे जमत नसे. सारा जन्म तिनं बालवाडीच्या स्वयंपाकघरात काढला. जेवणाच्या वेळी तिथं जो कल्ला चालतो त्यात जी बाई रागावली नाही, ती पुढं कोणावर काय रागावणार? जेवायला न आलेल्या पोराची वाटीसुद्धा ती भरून, वर ताटली झाकून ठेवायची. "भूक लागली की येईल," म्हणायची. दान्यूब नदीकाठच्या आमच्या लोम गावात चाळिशीच्या आतलं जे माणूस रस्त्यात भेटेल, त्यानं तिच्या हातची दुधातली रव्याची लापशी खाल्लेली असते, मग ते पुढं पोलीस झालेलं असो की चोर.

घरात रागाचं खातं नवऱ्याकडे होतं, हारालाम्पीकडे. तो बंदरावर क्रेन चालवायचा. उंचावरच्या केबिनमधून खालच्यांना ओरडून सांगायची सवय लागलेली, ती जमिनीवर आल्यावरही सुटली नाही. दुकानदारावर ओरडायचा, नगरपालिकेवर ओरडायचा, दान्यूबला पूर आला तर दान्यूबवर ओरडायचा. तोन्का त्याच्या मागं उभी राहून ओशाळं हसायची आणि दुसऱ्या दिवशी, ज्याला शिव्या पडल्या असतील त्याच्या दाराशी काहीतरी भरलेली वाटी नेऊन ठेवायची. दोघांनी असा संसार वाटून घेतला होता, आणि चांगला चालला होता.

हारालाम्पीची दुसरी खोड म्हणजे देणं. कोणाचं देणं अंगावर असलं की त्याला घास उतरत नसे. शेजारून उसनं आणलेलं अंडं त्याच दिवशी परत गेलं पाहिजे, नाहीतर तो जेवायला बसायचा नाही. लग्न नवं असताना तोन्का एकदा म्हणाली होती, "हप्त्यानं फ्रीज घेऊ या का?" त्यानं नुसतं तिच्याकडे बघितलं. मग दोन हिवाळे त्यांचं मटण खिडकीबाहेर खिळ्याला टांगलेलं असायचं, आणि खालच्या अंगणातली मांजरं वर बघत बसलेली असायची. पैसे जमले तेव्हाच फ्रीज आला.

असल्या माणसाच्या नावावर एका टेलिफोन कंपनीनं बाकी काढली.

झालं होतं ते असं. त्यांचा मुलगा कामेन स्पेनला गेला, खिशातले फोन आले, तेव्हा घरातला जुना टेलिफोन काढून टाकायचं ठरलं. हारालाम्पी बसस्टँडजवळच्या त्या कंपनीच्या दुकानात गेला, शेवटचं बिल रोख भरलं, यंत्र परत केलं, पावती घेतली आणि घरी येऊन ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. त्या डब्यात त्याच्या सगळ्या पावत्या असत. पुढं दीडेक वर्षानं राजधानीहून, सोफियाहून पत्र आलं. पाठवणारी कंपनी भलतीच, कधी नाव न ऐकलेली. टेलिफोन कंपनीनं तुमची बाकी आम्हाला विकली आहे, असं त्यात लिहिलं होतं. बिल, त्यावर व्याज, त्यावर आणखी काहीतरी.

"विकली?" हारालाम्पी फोनवर ओरडला. "जी बाकी नाहीच ती विकली? मग मी तुम्हाला दान्यूबवरचा पूल विकतो. घेता का?"

"आमच्याकडे भरणा झाल्याची नोंद नाही, सर," पलीकडचा आवाज म्हणाला. "तुमच्याकडे पावती असेल तर पाठवा."

"पावती? अहो, माझ्याकडे एकोणनव्वद सालच्या पावत्या आहेत. पाठवतो तोंडावर."

त्यानं डबा उघडला. पावती होती. बरोबर जागेवर, बरोबर घडी घातलेली. फक्त तिच्यावर काही नव्हतं. हल्लीच्या त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडून जाते, हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं कागद खिडकीपाशी नेला, उलटा केला, तिरका धरला. दोन्हीकडून पांढराशुभ्र होता.

तेवढ्यात त्याची थोरली बहीण केरा आली. केराकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असे. जगातला कोणताही घोटाळा व्हिनेगरनं, देवाच्या तेलानं नाहीतर उष्णतेनं सुटतो, असं तिचं म्हणणं.

"इस्त्री फिरव," ती म्हणाली. "ऊब लागली की अक्षरं वर येतात. मी पाहिलंय."

"कुठं पाहिलंय, ताई?" तोन्कानं विचारलं.

"पाहिलंय म्हटलं ना."

हारालाम्पीनं इस्त्री फिरवली. कागद एका क्षणात काळाठिक्कर पडला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. हारालाम्पीनं तो तसाच घडी घालून डब्यात ठेवला, कारण काळी असली तरी ती पावती होती. बहिणीला तो एक शब्द बोलला नाही. तिच्यावर मात्र तो कधी ओरडला नव्हता.

बसस्टँडजवळच्या दुकानात गेला, तर तिथं आता सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया आणि खारे दाणे विकत होते. पैसे घेणारी मुलगी कुठं गेली, तर म्हणे स्पेनला, स्ट्रॉबेरी तोडायला. हारालाम्पी घरी येऊन म्हणाला, "कामेनला सांग, तिकडं शोध म्हणावं. गोरी, नाकात चमकी घालते." बोलताना तो हसला नाही, त्यामुळं तोन्कालाही हसावं की नाही ते कळेना.

मग बंदरावरच्या निवृत्तांच्या क्लबात कोणीतरी त्याला शहाणपण दिलं. असल्या बाकीला तीन वर्षांची मुदत असते. तेवढ्यात त्यांनी कोर्टात नेलं नाही आणि तुम्ही काही दिलं नाही, तर ती शिळी होते, कोणी वसूल करू शकत नाही. पण मध्येच एक लेव जरी हातावर ठेवलात तरी बाकी कबूल केल्यासारखं होतं. हारालाम्पीनं हे घरी आणलं आणि तोन्काकडून पोरासारखं पाठ करून घेतलं. सकाळच्या कॉफीला त्याची उजळणी व्हायची.

"तोन्के, काय करायचं नाही?"

"द्यायचं नाही."

"किती द्यायचं नाही?"

"एक लेवसुद्धा द्यायचा नाही."

"आणि गोड बोलले तर?"

"तरी नाही." एवढं म्हणून ती त्याच्यापुढं पाव सरकवायची.

फेब्रुवारीत त्याचं हृदय थांबायला लागलं. ॲम्ब्युलन्सची माणसं त्याला स्ट्रेचरवरून जिन्यानं खाली नेत होती. जिना अरुंद, प्रत्येक वळणावर स्ट्रेचर अडायचं. तोन्का त्याची चप्पल हातात धरून मागं चालली होती. त्यानं तिला खुणेनं जवळ बोलावलं. आता तो काहीतरी म्हणेल, इतक्या वर्षांत न म्हटलेलं, असं तिला वाटलं.

"बेकरीवालीचे दोन लेव राहिलेत," तो म्हणाला. "काल सुटे नव्हते."

तो हॉस्पिटलच्या दारातच गेला. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांकडे जायच्या आधी तोन्का बेकरीत गेली. बेकरीवाली रडायला लागली, घेईना. तोन्कानं दोन नाणी काचेवर ठेवली आणि निघाली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात पैशांची गोष्ट फार येते आणि हीच गोष्ट तेवढी राहून जाते.

इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीत त्याचा फोटो लागला. आमच्याकडे माणूस गेला की दारावर कागद लागतो, बसथांब्यावर लागतो, झाडाला लागतो. सगळ्या गावाला कळलं. फक्त सोफियाला कळलं नाही.

"हारालाम्पी त्सेनोव यांच्याशी बोलता येईल का?"

"तो वारला," तोन्का म्हणाली.

पलीकडं थोडा वेळ कागदांची सळसळ झाली. "आमची सहवेदना, मॅडम. मग वारस कोण आहे?"

मुलीचं नाव सिमोना. आवाज गोड आणि तरुण, बालवाडीत नव्यानं लागलेल्या ताईसारखा. ती एक दिवसाआड फोन करायची आणि दर वेळी सुरुवात तशीच करायची: हारालाम्पी त्सेनोव यांच्या संदर्भात बोलते आहे. तोन्का म्हणायची, "त्यानं भरले होते." सिमोना म्हणायची, "आमच्याकडे नोंद नाही." मग दोघी एकमेकींना शुभ दिवस म्हणून फोन ठेवायच्या. हारालाम्पी असता तर त्यानं फोन भिंतीवर आपटला असता. तोन्काला तर फोन न उचलणंसुद्धा उर्मटपणाचं वाटे.

चाळिसाव्या दिवसाचं स्मरण जवळ आलं, तशी केरा रोज यायला लागली.

"चाळीस दिवस तो घरातच असतो, तोन्के," ती खुर्चीत बसून म्हणायची. "पलंगापाशी, त्याच्या कोटापाशी. चाळिसाव्याला निघतो. पण मागं काही अडकलं असलं तर निघवत नाही."

"काही अडकलेलं नाही, ताई. तो पैसे भरून आला होता. मीच त्याला कोट घालून दिला होता त्या दिवशी."

"ते तुला माहीत, मला माहीत. पण हे लोक त्याचं नाव घेऊन हाका मारतायत ना? एक दिवसाआड? हाक मारली की माणूस वळून बघतो. मेलेला तर जास्तच बघतो."

हे तोन्काच्या मनात जाऊन बसलं. बाकीचं तिला कळत नव्हतं, व्याज, मुदत, वारस, कसलं काय. हे कळलं. तो दाराशी कोट घालून उभा आहे आणि प्रत्येक फोनला मागं वळतो आहे, असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर येऊ लागलं. त्याला कोणी ताटकळत ठेवलेलं मुळीच खपत नसे. ती फोनच्या आवाजानं दचकू लागली.

स्मरणाच्या आदल्या दिवशी ती गहू शिजवत होती. शिजवलेले गहू कापडावर वाळवायचे, साखर, अक्रोड, बिस्किटांचा चुरा घालायचा, वर पिठीसाखरेचा थर, त्यावर क्रॉस काढायचा. मग मृताच्या आत्म्यासाठी ते ज्याला त्याला वाटायचे. फोन वाजला.

"मॅडम, मला तुमची परिस्थिती समजते," सिमोना म्हणाली. "सगळे नकोत. मनाला येईल तेवढे भरा. वीस लेव म्हणा. मी फोन थांबवते, तेवढं माझ्या हातात आहे."

"मग त्याचं नाव घेणं बंद होईल?"

"हो, मॅडम. तुम्हाला त्रास होणार नाही."

"मला नाही गं. त्याला."

"कोणालाच नाही," सिमोना म्हणाली.

तोन्का पुन्हा गव्हांपाशी जाऊन उभी राहिली. पाठ केलेलं ती विसरली होती असं कोणी समजू नये. द्यायचं नाही, एक लेवसुद्धा नाही, गोड बोलले तरी नाही, हे तिला व्यवस्थित आठवत होतं. पण उद्या ती जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना गहू वाटणार होती. खालच्या दारुड्यालाही देणार होती, ज्यानं हारालाम्पीची सायकल विकून खाल्ली होती. कबरस्तानाच्या दाराशी बसणाऱ्यांना, वाटेत भेटेल त्या अनोळख्याला देणार होती. आत्म्यासाठी देताना समोरचा भला की बुरा हे विचारत नाहीत. मग सोफियातल्या त्या मुलीची तेवढी वाटी का राहावी? "हे देणं नाही, हारालाम्पी," ती पातेल्याकडे बघत म्हणाली. "हे गहू आहेत." आमच्याकडच्या कोणत्याही म्हाताऱ्या बाईनं हेच केलं असतं, आणि ज्याला हसायचं असेल त्यानं आपल्या आईला विचारून मग हसावं.

हात धुऊन ती पोस्टात गेली आणि वीस लेव भरले. भरण्याच्या कागदावर 'कशासाठी' अशी एक ओळ असते. तिथं तिनं बालवाडीतल्या फळ्यावर लिहावं तसं ठळक लिहिलं: हारालाम्पीच्या आत्म्यासाठी. पोस्टातल्या बाईनं ते वाचलं, छातीवर क्रॉसची खूण केली आणि शिक्का मारला.

सिमोनानं शब्द पाळला. फोन बंद झाले. चाळिसाव्या दिवशी कबरीवर वाइन ओतली, मेणबत्ती वाऱ्यातसुद्धा विझली नाही, आणि केरा म्हणाली, "गेला. हलका होऊन गेला." तोन्कालाही तसंच वाटलं. त्या वसंतात ती बरी झोपली. टोमॅटोची रोपं लावली, पडदे धुतले. कबरीवर अजून लाकडी क्रॉस होता. माती बसली की वर्षाच्या आत दगड लावायचा असतो, म्हणून तिनं बँकेत पैसे बाजूला टाकायला घेतले. कबरस्तानाच्या रस्त्यावरच्या पाथरवटाकडे जाऊन तिनं करड्या रंगाचा एक साधा दगड ठरवला.

"तुझंही नाव आत्ताच कोरू का?" पाथरवटानं विचारलं. "दोन्ही एकदम कोरली की स्वस्त पडतं."

"कोर," ती म्हणाली. "जन्माचं साल टाक, पुढची जागा मोकळी ठेव." घरी येताना तिला समाधान वाटलं, हिशेबाला पक्क्या असलेल्या नवऱ्याला हे पटलं असतं म्हणून.

सप्टेंबरात कोर्टाचा लिफाफा आला. त्यात हारालाम्पी नव्हता, तीच होती: तोन्का त्सेनोवा, वारस.

वकील मिंचेवा बालवाडीत असताना लापशी टेबलाखाली सांडून 'संपली' म्हणायची. आता तिचं ऑफिस बाजारपेठेत होतं आणि केसांत एक पांढरी बट होती. तिनं सगळे कागद वाचले, मग एकच कागद पुन्हा वाचला.

"मावशी, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. माझंच अक्षर."

"कोणाला विचारलं होतंत का आधी?"

"केराताईला."

मिंचेवानं चष्मा काढला. "जूनमध्ये मुदत संपत होती, मावशी. काकांनी बरोबर धरून ठेवलं होतं. जूनपर्यंत काही केलं नसतं तर यांना हात चोळत बसावं लागलं असतं. तुम्ही मार्चमध्ये वीस लेव भरलेत. म्हणजे बाकी आहे हे मान्य केलंत, मोजणी नव्यानं सुरू झाली, आणि वारस म्हणून ती तुमच्या अंगावर आली."

"पण मी ते बाकीचे म्हणून नाही दिले गं. लिहिलंय ना तिथं. आत्म्यासाठी दिले."

"लिहिलंय."

"मग?"

"कायद्यात आत्म्यासाठी असं काही नसतं, मावशी." तिनं कागद एकावर एक नीट रचले. मग म्हणाली, "आपण भांडू. मी पैसे घेणार नाही. पण तुम्हाला खोटी आशा नाही लावत."

सुनावणीच्या दिवशी तोन्कानं चांगला कोट घातला. चीज भरून पापुद्र्यांची बनित्सा भाजली आणि ती फडक्यात बांधून घेतली. सोफियाहून येणारी माणसं उपाशी असतील असं तिला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर ती त्यांची वाटच बघत होती. समोरासमोर बसून एकदा सांगितलं, की हा माणूस कसा होता, अंड्याचं, फ्रीजचं, बेकरीवालीचं, तर कोणाच्याही ध्यानात येईल, अशी तिची समजूत होती. पण पलीकडची खुर्ची रिकामी होती. त्यांनी कागद पाठवले होते, माणूस पाठवला नव्हता. एवढ्याशा रकमेसाठी कोणी येत नाही, असं मिंचेवानं तिच्या कानात सांगितलं.

न्यायाधीश बाईंना सर्दी झाली होती. त्या चांगल्या होत्या, हे तोन्का पुढंही सांगायची.

"तुमचं म्हणणं की तुमच्या पतीनं बिल आधीच भरलं होतं. पुरावा आहे?"

तोन्कानं बिस्किटांचा डबा उघडला आणि काळा कागद पुढं ठेवला.

"हे काय आहे?"

"पावती. आधी पांढरी झाली, मग काळी झाली."

टाइप करणाऱ्या मुलीनं मान खाली घातली आणि तिचे खांदे हलायला लागले. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद हातात घेऊन दिव्याकडे धरला, अगदी हारालाम्पीनं धरला होता तसा तिरका, आणि परत दिला.

"ह्याच्यावर काही दिसत नाही, बाई."

"नाही दिसत," तोन्का म्हणाली. "पण तीच आहे."

"मार्चमधले वीस लेव तुम्हीच भरले?"

"हो."

"कोणी धमकावलं होतं? जबरदस्ती केली?"

मिंचेवानं टेबलाखाली तिच्या पायाला पाय लावला. तोन्काला खूण कळली. एक शब्द बोलली असती तर निदान मिंचेवाला पकडायला काहीतरी दोरी मिळाली असती. पण सिमोनाचा आवाज तिला आठवला, आणि 'धमकावलं' हा शब्द त्या आवाजाला चिकटवता येईना.

"नाही," ती म्हणाली. "मुलगी छान बोलत होती."

बनित्सा तिनं टाइप करणाऱ्या मुलीला देऊन टाकली.

निकाल जायचा तसा विरोधात गेला. मग कोर्टाच्या वसुली अधिकाऱ्यानं बँकेत पत्र पाठवलं आणि दगडाचे पैसे गेले. बिल, व्याज, कोर्टाचा खर्च, वसुलीचा खर्च, वसुली करणाऱ्याचा खर्च. या सगळ्यात मूळचं बिल इतकं लहान होतं की ते बिचारं शोधावं लागत होतं. कामेनचं काम त्या हिवाळ्यात सुटलं होतं, म्हणून तिनं त्याला कळवलंच नाही. रविवारी फोन आला की ती टोमॅटोच्या लोणच्याबद्दल बोलायची.

पाथरवटाकडे ती स्वतः गेली. "दगडाला काय घाई, आजी," तो म्हणाला. "ठेवतो बाजूला." माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही पोट होतं. ख्रिसमसनंतर ती त्या रस्त्यानं गेली तेव्हा तो करडा दगड अंगणात पुढं काढून ठेवला होता आणि त्याच्यावर दुसऱ्याच कोणाचं नाव होतं.

तोन्का कोणावर रागावली नाही. ती बारीक झाली. दुपारी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत नुसती बसून राहायची, सगळ्या जगाला खाऊ घालणारी बाई, आणि पुढ्यातलं सूप गार व्हायचं. 'हे गहू आहेत' असं आपण त्याला म्हणालो होतो, हे तिच्या मनातून जाईना. त्यानं तिला एकच गोष्ट सांभाळायला दिली होती, रोज सकाळी विचारून. दगड नाही याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख हे, की कुठल्यातरी सोफियातल्या यंत्रात तो बाकीदार म्हणून लिहिला गेला, आणि लिहून देणारी ती.

"आता तरी त्याच्या नावावर काही नाही ना?" तिनं मिंचेवाला विचारलं.

"काही नाही, मावशी."

"तसं ते लिहून देतील?"

मिंचेवानं पत्र पाठवलं आणि जानेवारीच्या शेवटी खरोखरच दाखला आला. जाड कागद, निळा शिक्का, खाली सही. तोन्कानं तो टेबलावर ठेवून कितीदा तरी वाचला. खरं तर ती शेवटची ओळच वाचत होती: हारालाम्पी त्सेनोव यांच्याकडे कोणतीही बाकी नाही. वर्षभर ती हेच सांगत होती. आता शिक्क्यानिशी आलं होतं.

फेब्रुवारीत वर्षाचं स्मरण आलं. इमारतीच्या दारावर नवा कागद लागला, काळी चौकट, तोच फोटो, एक वर्ष तुझ्याविना. त्याच्या शेजारी तोन्कानं तो दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवला. कबरीवर दगड नाही तर नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यानं निदान हे वाचावं. ती जिन्यात उभी राहून बघत होती. खालचा दारुडा वाचून गेला, त्यानं टोपी काढली. पोस्टमन वाचून गेला. तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. वर टेबलावर गव्हांच्या वाट्या भरून ठेवलेल्या होत्या.

केरा आली. आधी फोटोला हात लावून क्रॉसची खूण केली. मग चष्मा शोधला, पर्समध्ये नव्हता, कोटाच्या खिशात सापडला. शेजारचा कागद ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, ओठ हलवत, बोट फिरवत.

"हारालाम्पी त्सेनोव यांच्या नावावरील... थकीत रक्कम... पूर्णपणे फेडण्यात आली असून..." इथं ती थांबली. तीच ओळ तिनं पुन्हा वाचली. मग चष्म्यावरून तोन्काकडे बघितलं.

"फेडण्यात आली," ती हळूच म्हणाली. "म्हणजे होतं तर देणं, तोन्के. आणि आपल्याला सांगत होता, भरले म्हणून."

तोन्का एक पायरी खाली उतरली. हारालाम्पीची सख्खी बहीण. तिच्यावर तो कधीच ओरडला नव्हता, इस्त्रीच्या दिवशीसुद्धा नाही. तोन्काच्या छातीत काहीतरी गरम, अनोळखी असं वर येऊ लागलं. तो असता तर काय बोलला असता, कोणत्या शब्दानं सुरुवात केली असती, हे ती धडपडून आठवायला लागली. एवढी वर्षं ती त्याच्या मागंच उभी होती, सगळं ऐकलं होतं. एकही शब्द आठवेना. तिनं तोंड उघडलं.

"वर चला, ताई," ती म्हणाली. "तुमची वाटी भरून ठेवलीय."